मागची अर्धी गाडी

एल्मबॅच, लडलोजवळ
१३ मार्च १९९४

प्रिय लायनेल,

फोनच करणार होते. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या एल्मबॅचला ऐकवायचं, आणि हे काम गावाला ऐकवण्यासारखं नाही. म्हणून पत्र.

काल गॅरेजचं दार उघडलं. ऑब्री गेल्यापासून, म्हणजे गेल्या दीड वर्षात, महिन्यातून एकदा जाऊन बेडकीचं इंजिन चालू करायचं आणि बंद करायचं, एवढंच करत होते. काल म्हटलं, चल बाई, जरा बाहेर. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि मागून धपक धपक सुरू झालं. शेजारचा बेडोज ट्रॅक्टर सोडून आला, गाडीखाली आडवा झाला आणि आतूनच ओरडला, "बाईसाहेब, ही रबरं आहेत की माझ्या आजोबांच्या टाचा?"

चारही रबरी कड्या भेगाळल्या आहेत. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांना जोडणाऱ्या, तू बसवलेल्या त्याच. एक तर अर्धी फाटलीच आहे.

आता तुमचा भावाभावांचा करार मला पाठ आहे. १९६५ साली गाडी सुटे भाग म्हणून खोक्यातून आली, कर वाचवायला तुम्ही दोघांनी ती घरी जोडली, आणि सीटच्या पुढचं सगळं ऑब्रीचं, मागचं सगळं तुझं असं ठरलं. एकमेकांच्या हद्दीत न विचारता पान्हा घालायचा नाही. ऑब्रीची पुढची अर्धी आता माझी. कड्या तुझ्या हद्दीत येतात, म्हणून विचारते आहे.

काय बसवू? बेडोज म्हणतो पोलादी सांधे टाका आणि मोकळ्या व्हा. मोटार-क्लबचे मेजर पेनफोल्ड म्हणतात त्यांच्याकडे जुन्या काळच्या, न वापरलेल्या अस्सल रबरी कड्या आहेत. आणि एका कॅटलॉगात पिवळ्याधमक प्लास्टिकच्या दिसतात. जुलैत कॅलो बँकची चढणीची शर्यत आहे. यंदा बेडकी तिथे न्यायची आहे. प्रवेश-अर्जावर दोन्ही मालकांच्या सह्या लागतात, तोही सोबत जोडते.

कंबर कशी आहे? मुरंब्याची बरणी फुटली नाही ना वाटेत?

हेस्टर

शेरिंगहॅम, नॉरफक
१७ मार्च

प्रिय हेस्टर,

बरणी सुखरूप. निम्मी संपलीसुद्धा.

तुझं पत्र वाचून इतका आनंद झाला की मी शेजारणीला खेकडा दिला. बेडकी पुन्हा चढणीवर! कोण चालवणार हे तू लिहिलं नाहीस, पण मी काही दुधखुळा नाही. तुझा जावई निगेल त्या गाडीकडे बशीतल्या शेवटच्या केककडे बघावं तसा बघतो.

तर ऐक. तीस वर्षं रबराच्या कारखान्यात कान घालवले, त्यातून एकच गोष्ट शिकलो. कडी गाडी बघून निवडायची नसते, पाय बघून निवडायची. रबर पिळलं जातं, जोर साठवतं आणि मग सोडतं. क्लच हळुवार सोडणारा असेल तर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघते. धसमुसळा असेल तर ते साठवतं, सोडतं, साठवतं, सोडतं आणि गाडी उड्या मारत सुटते. तिला बेडकी म्हणतात ते काही हिरव्या रंगामुळे नाही.

निगेलचा पाय मी पाहिला आहे. त्यानं माझ्या फाटकावर कॅराव्हॅन घातली होती. त्याला पोलाद दे. पोलाद उड्या मारत नाही, कुजत नाही.

सहीचं मात्र बघतो. माझी अर्धी गाडी निगेलच्या हाती द्यायची म्हणजे आधी दोन ग्लास शेरी लागेल. दरम्यान जुन्या कड्या काढून मला पाठव. फेकू नकोस. रबर मेल्यावरही बोलतं.

लायनेल

एल्मबॅच
२ एप्रिल

प्रिय लायनेल,

कड्या पाठवल्या आहेत. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, एवढं जड काय आहे? म्हटलं, केक. त्या म्हणाल्या, मग तुमचा केक कसा होतो ते गावात सगळ्यांना माहीत आहेच.

समज, चालवणारा माणूस हलक्या पायाचा असला, तर? हट्टी, पण हलक्या पायाचा. मग काय बसवशील? नुसतं विचारते आहे.

मेजर पेनफोल्ड काल त्यांच्या कड्या घेऊन आले. मेणकागदात गुंडाळलेल्या, खोक्यावर जुना शिक्का. बावीस वर्षं माळ्यावर जपल्या म्हणे. टेबलावर अशा ठेवल्या की मला वाटलं आता बूच काढून वास घ्यायला सांगतात. "हेस्टर," म्हणाले, "असं रबर आता होत नाही." दिसतात मात्र झकास. काळ्याभोर, एक ओरखडा नाही. ऑब्रीखातर फुकट देताहेत. घेऊ?

हेस्टर

शेरिंगहॅम
७ एप्रिल

हेस्टर, हात लावू नकोस!

रबर म्हणजे दारू नव्हे. रबर म्हणजे पाव. कारखान्यातून निघालं की शिळं व्हायला लागतं, मग ते गाडीखाली असो की मेजरच्या माळ्यावर मेणकागदात. माळा तर सर्वांत वाईट, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. आपल्या मंडळींना हे कधी कळणार? जे जुनं ते अस्सल, आणि जे न वापरलेलं ते नवं, अशी यांची श्रद्धा. देवळात शोभेल, गाडीत नाही.

एक कडी दोन्ही हातांनी वाकव आणि बाहेरच्या बाजूला नख दाब. मग मला लिही. मेजर समोर असताना कर, म्हणजे नंतर वाद नको.

पिवळं प्लास्टिक विसर. त्याला तेलाची भीती नाही हे खरं, पण ते ताठ असतं आणि पिळलं की पोटात तापतं. बाहेरून गुळगुळीत, आतून, बोल्ट जातो त्या पोलादी नळीपासून, सुटत आलेलं. तुटायच्या आधी ते चेहऱ्यावर काही दाखवत नाही. असली माणसंही मला आवडत नाहीत.

आणि तुझ्या त्या 'हलक्या पायाच्या माणसा'ची गंमत वाटली. निगेल हलक्या पायाचा असेल तर मी चर्चमध्ये एकट्यानं गाणं म्हणेन.

लायनेल

एल्मबॅच
१८ एप्रिल

प्रिय लायनेल,

मेजरना चहाला बोलावलं. आधी दोन चीज स्कोन खाऊ घातले, मग म्हटलं, जरा बघू या का वाकवून? त्यांनी स्वतःच वाकवली. कर्र असा आवाज आला. भेग नुसती पडली नाही, पसरत गेली, बिस्किटाला जाते तशी. बिचाऱ्यांनी ती कडी परत मेणकागदात गुंडाळली. मग म्हणाले, "माळ्यावर अशा अजून अकरा आहेत." मी दुसरं काही न विचारता शेरीची बाटली काढली.

लायनेल, प्रवेश मे अखेरीस बंद होतो. निगेलचं पोलाद सोडलं तर तू आतापर्यंत मला काय बसवू नये हेच सांगितलं आहेस. ते सांगण्यात तू पटाईत आहेस. पण काय बसवू ते सांग, आणि सही कर.

हेस्टर

शेरिंगहॅम
२९ एप्रिल

प्रिय हेस्टर,

तुझ्या जुन्या कड्या गेला आठवडाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहेत. दोन मी करवतीनं उभ्या चिरल्या. आता लक्ष देऊन वाच.

धसमुसळ्या पायानं मारलेली कडी मी डोळे मिटून ओळखतो. रबर पोलादी नळीपाशी फाटतं, आणि एकाच बाजूला, कारण हिसका एकाच बाजूनं बसतो. आमचा ऑब्री, देव त्याचं भलं करो, माझा लाडका भाऊ होता, पण क्लचवर तो पाय ठेवत नसे, उडी मारत असे. सहासष्टच्या एका उन्हाळ्यात त्यानं कड्यांचे दोन संच फाडले. दोन्ही मीच बदलले.

या कड्या मी एकोणऐंशी साली बसवल्या. त्या नळीपाशी कुठेही फाटलेल्या नाहीत. भेगा सगळीकडे सारख्या, वरवरच्या. या कड्या कुणी मारल्या नाहीत, त्या म्हातारपणानं गेल्या. अंथरुणात, शांतपणे. इतकी वर्षं मी क्लबात सांगत आलो की उतारवयात ऑब्रीचा पाय सुधारला. पाय सुधारत नसतात, हेस्टर.

गाडी कोण चालवत होतं?

लायनेल

एल्मबॅच
३ मे

प्रिय लायनेल,

मी.

ऐंशी साली ऑब्रीचा डावा गुडघा गेला. क्लच दाबला की तो पांढराफटक पडायचा. डॉक्टरांना सांगायचं नाही, क्लबला सांगायचं नाही आणि तुला तर मुळीच नाही, हे त्यानं माझ्याकडून वदवून घेतलं. दर गुरुवारी बाजाराला बेडकी मीच न्यायची. कॅलो बँकलाही इथून मीच चालवत न्यायची आणि तिथे पोचायच्या शेवटच्या वळणाआधी, मोठ्या ओकच्या झाडाखाली, आम्ही जागा बदलायचो. तो तेवढी एक चढण दात आवळून मारायचा. खाली येऊन मला म्हणायचा, "पुढच्या वर्षी तू, हेस्टर." दर वर्षी म्हणायचा. खोटं नव्हता बोलत. पुढचं वर्ष आलं की त्याला फक्त अजून एकदा हवी असायची.

मी काही रागावले नाही. त्याला चढताना बघायला मला आवडायचं. पण इतकी वर्षं मी खाली थर्मास घेऊन उभी राहिले, लायनेल, आणि प्रत्येक वेळी माझा पाय गवतावर क्लच सोडत होता.

निगेलला मी विचारलेलंही नाही. यंदा मी चालवणार आहे. आता अडुसष्टची आहे, पुढचं वर्ष मी कुणाच्याही सांगण्यावर ठेवणार नाही.

आता सांग, काय बसवू.

हेस्टर

शेरिंगहॅम
६ मे

हेस्टर,

नाही. मी सही करणार नाही.

बाजाराला जाणं वेगळं आणि चढण वेगळी; मीही बेडकी घेऊन ती एकदा चढलो आहे. चढणीवर कडी तुटली तर तो दांडा मोकळा होतो आणि चाबकासारखा फिरतो. तुझ्या पाठीमागे फायबरचा पातळ पत्रा आहे, बस. मी एकदा पाहिलं आहे, त्याबद्दल लिहिणार नाही. एका घरातली दोन माणसं दोन वर्षांत पुरायची माझी तयारी नाही.

मुरंबा संपला.

लायनेल

एल्मबॅच
९ मे

लायनेल टेलर ट्रँटर,

पूर्ण नाव लिहिलं की तुझी आई रागावलेली असायची, तसंच समज.

याच चढणीवर याच कड्यांवर गुडघा मोडलेला ऑब्री गाडी चढवत होता तेव्हा तू खाली उभा राहून टोपी उडवत होतास. निगेलला देताना तुला दोन ग्लास शेरीच लागणार होती. माझ्या वेळी मात्र प्रेतं दिसायला लागली! तू मला घाबरवतो आहेस की तूच घाबरला आहेस?

घाबरला असशील तर ते मला समजतं. मलाही ऑब्रीशिवाय हे घर खायला उठतं. पण गाडी गॅरेजमध्ये आणि मी स्वयंपाकघरात, दोघी हळूहळू भेगाळत बसल्यानं तो काही परत येणार नाही. तुझंच वाक्य ना, ठेवलेलंही शिळं होतं?

तुटेल अशी भीती असेल तर न तुटणारं शोध. मार्चपासून दुसरं काय विचारते आहे मी? तीस वर्षं रबरात काढलीस. आता एकदा उपयोगी पड.

मुरंबा पाठवत नाही.

हेस्टर

शेरिंगहॅम
२७ मे

प्रिय हेस्टर,

उत्तराला उशीर झाला. मी लेस्टरला गेलो होतो.

आमच्या जुन्या कारखान्याच्या मागे माझ्या हाताखालचा एक गडी अजून छोटी साचेकामं करतो. तिथे तीन दिवस त्याच्या डोक्यावर उभा राहिलो. रोज रात्री बायको त्याला विचारायची म्हणे, म्हातारा गेला का? नैसर्गिक रबर, याच वसंतातलं. नळ्यांना रबर नीट चिकटलं आहे की नाही ते मी एक कडी मुद्दाम ओढून, फाडून पाहिलं. रबर फाटलं, पण चिकटलेली जागा सुटली नाही. तसंच हवं. साचा इकडचा तिकडे झाला म्हणून पहिला संच मी फेकायला लावला. गडी रडकुंडीला आला.

पोलाद का नाही, ते सांगतो. पोलादाला फक्त हुकूम कळतो. चढणीवरचा प्रत्येक हिसका ते जसाच्या तसा गिअरपेटीत पोचवेल, आणि तुझा पाय कितीही चांगला असला तरी त्याचं ते काही ऐकणार नाही. रबर ऐकतं. निगेल असता तर पोलाद. तुला रबर. एवढं सरळ उत्तर द्यायला मला अडीच महिने लागले, कारण मी भलत्याच पायाचा विचार करत होतो.

सोबत दोन गोल पोलादी पट्टे आहेत. ते दांड्याभोवती, गाडीच्या सांगाड्याला पक्के बसवायचे. रबर तुटलंच तरी दांडा त्या वेढ्यातच फिरेल, तुझ्यापर्यंत येणार नाही. हे पट्टे बसवल्याशिवाय तू निघालीस तर मी स्वतः येऊन टायरची हवा सोडेन.

अर्जावर सही केली आहे. जरा वाकडी आली, ते कंबरेमुळे.

लायनेल

एल्मबॅच
१२ जून

प्रिय लायनेल,

सही पोचली, अर्ज गेला. तुला तीन बरण्या मुरंबा पाठवला आहे.

आता एक विचारू? प्रत्येक कडीभोवती घट्ट आवळलेली एक पातळ पोलादी पट्टी होती. मला वाटलं वाटेत इजा होऊ नये म्हणून बांधली असेल, पार्सलला दोरी बांधतात तशी. मी शहाण्यासारख्या चारही पट्ट्या कापल्या, पुसल्या आणि टाकून दिल्या. पट्टी सुटल्याबरोबर प्रत्येक कडी जेवणानंतर पट्टा सैल केलेल्या माणसासारखी फुगली. मग बोल्ट एकाही भोकात जाईना. मी आणि बेडोज, दोघं गाडीखाली, तो ढकलतो आहे, मी देवाला आणि तुला आळवते आहे. देवाला चांगल्या शब्दांत.

शेवटी बेडोजनं गवताच्या गाठी बांधायचा दातेरी पट्टा आणला, कडीभोवती गुंडाळला आणि कट कट कट करत आवळला. भोकं जागेवर आली. चारही बसल्या. तुझे वेढेही बसले. नंतर गुरुवारी बाजाराला गेले. लायनेल, ती निघाली तेव्हा मला कळलंच नाही की निघाली.

ती पट्टी कशासाठी होती?

हेस्टर

शेरिंगहॅम
१५ जून

हेस्टर, त्या पट्ट्या कड्या बसवून झाल्यावर कापायच्या असतात! कडी दाबलेली राहावी म्हणूनच त्या बांधतात. हे जगात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी लिहिलं नाही. जगात तू येतेस हे माझ्या लक्षात राहिलं नाही, माफ कर. बेडोजला माझा सलाम सांग. असा माणूस माझ्या हाताखाली हवा होता.

डोळ्याचं ऑपरेशन नेमकं शर्यतीच्याच आठवड्यात आलं आहे, त्यामुळे येता येणार नाही. सगळं लिही. काही गाळू नकोस.

लायनेल

एल्मबॅच
११ जुलै

प्रिय लायनेल,

तुझी शेजारीण हे वाचून दाखवत असेल तर तिला माझा नमस्कार, आणि मोठ्यानं वाचा म्हणावं.

ऑब्रीचं हेल्मेट मला मोठं होतं, म्हणून आत डोक्याला रुमाल बांधला. तपासनीसानं गाडीखाली वाकून तुझे वेढे पाहिले आणि शिट्टी वाजवली. मग रांगेत उभी राहिले. पुढे वीसबावीस माणसं, सगळे कुणाचे ना कुणाचे नवरे. त्यांच्या बायका खाली दोरीपाशी, माझ्या नेहमीच्या जागी. मेजर पेनफोल्ड त्यांच्यात उभे होते आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते.

चाकामागे ठोकळा ठेवला. दिवा हिरवा झाला. मी क्लच सोडला, गुरुवारी सोडते तसाच. तुझं रबर पिळलं गेलं ते मला पाठीत जाणवलं. त्यानं दम धरला, माझा पाय वर येईपर्यंत थांबलं आणि मग आम्ही निघालो. एकही उडी नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर बेडकीच नाही!"

पहिलं वळण बीचच्या झाडांपाशी, चांगलं गेलं. दुसऱ्याला जरा गवतावर गेले. तिथे मी एक शब्द बोलले, तो शेजारणीसाठी लिहीत नाही. मग सरळ चढ, आणि मी पाय दाबला. लायनेल, दाबला! हलका नाही. ती ऐकत होती.

आणि मग वर पोचले.

तुला सांगते, इतक्या वर्षांत मी तो माथा कधी पाहिलाच नव्हता. आम्ही खाली उभ्या राहायचो, गाड्या झाडीत शिरायच्या, आवाज वर वर जायचा आणि संपायचा. मी ऑब्रीला विचारायचे, वर काय आहे? तो म्हणायचा, काही नाही, एक शेत आहे. लायनेल, खरंच एक शेत आहे. चार मेंढ्या, एक फिरता संडास आणि पाटी-कागद घेतलेला एक माणूस. त्यानं मला सांगितलं, "इंजिन बंद करा, सगळे आले की एकदम खाली सोडतो."

मी इंजिन बंद केलं. शांत झालं. मान वळवली तर पश्चिमेला वेल्सचे डोंगर दिसत होते, एकामागे एक, शेवटपर्यंत. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटतं त्यानं पाहिलंच नसेल, तो गुडघा धरून बसत असेल. मी हेल्मेट काढलं आणि मनसोक्त रडले. पाटीवाला बिचारा घाबरून चहा घेऊन आला. मी म्हटलं, काही झालेलं नाही, मी फार खूश आहे. तो म्हणाला, इथे पहिल्यांदा येणारे बरेच जण असंच म्हणतात, पण ते गाडी ठोकून आलेले असतात.

मग आम्ही रांगेनं खाली उतरलो आणि दोरीपलीकडच्या सगळ्या बायकांनी मला हात केले.

हेस्टर

शेरिंगहॅम
१६ जुलै

प्रिय हेस्टर,

डोळ्यावर पट्टी आहे. शेजारणीनं तुझं पत्र तीनदा वाचलं, दुसऱ्यांदा तिला मध्येच थांबून नाक पुसावं लागलं. डॉक्टर म्हणतात मी डोळ्यात पाणी आणायचं नाही. उशीर झाला.

पण सगळं लिहिलंस, मेंढ्यासुद्धा मोजल्यास, आणि वेळ लिहिली नाहीस. किती वेळात चढलीस?

लायनेल

(पोस्टकार्ड, १९ जुलै)

ऑब्रीपेक्षा हळू. तुझ्यापेक्षा लवकर. मेजरनी क्लबचे जुने निकाल काढून दोनदा खात्री केली.

ऑब्री असता तर पहिलं ऐकून खूश झाला असता. आणि दुसरं त्यानं तुला फोनवर, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं, स्वतः सांगितलं असतं.

हेस्टर